जंगलातली छायाचित्रे गर्दीची आणि डोंगरांची सपाट का येतात?

प्रश्न : रानवाटसरू

नमस्कार. डोंगरांतून आणि जंगलांतून पायी भटकण्याची आवड मला पुष्कळ वर्षांपासून आहे. निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाकडे मात्र मी अलीकडेच गांभीर्याने वळलो. जवळ फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, २४ ते १०५ मिलिमीटरची झूम लेन्स, एक पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कमी करणारा फिल्टर) आणि हलका ट्रायपॉड एवढे साहित्य आहे, आणि तूर्त त्यात भर घालण्याचा विचार नाही.

अडचण अशी की, जंगलात उभे असताना जे दृश्य मनाला भिडते ते छायाचित्रात उतरतच नाही. प्रत्यक्षात जिथे उंच खोडांची रांग दिसली होती, तिथे छायाचित्रात फांद्या, वेली, वाळक्या काटक्या आणि पानांच्या फटींतून डोकावणारे पांढरेफटक आकाश यांची नुसती गर्दी दिसते आणि नजर कुठे ठरत नाही. झाडीतून बाहेर पडून कड्यावर आलो की उलटे होते. एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगांचा जो विस्तार पाहून पाय थबकतात, तो छायाचित्रात क्षितिजालगतच्या फिकट निळसर पट्टीएवढा उरतो.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. आमचा गट उजाडल्यावर निघतो, दुपारी माथ्यावर पोहोचतो आणि संध्याकाळच्या आत उतरतो. त्यामुळे प्रकाश सर्वांत चांगला असतो तेव्हा मी एकतर पायथ्याशी असतो किंवा परतीच्या वाटेवर. चालणे आणि छायाचित्रण या दोहोंना न्याय मिळेल असे नियोजन कसे करावे, आणि जंगलात नेमके काय पाहायला शिकावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : धुकेवाट

रानवाटसरू, तुम्ही वर्णन केलेली गर्दी जवळजवळ प्रत्येकाला भेटते, आणि तिचे मूळ आपण जंगल कसे पाहतो यात आहे. दोन डोळ्यांमुळे आपल्याला खोली कळते, आपण किंचित हललो तरी जवळचे खोड दूरच्या खोडापासून सुटे होते, आणि मन ज्या झाडावर खिळलेले असते त्याखेरीज बाकीचे सारे ते आपोआप बाजूला सारते. छायाचित्रात यांतले काहीच उरत नाही. पुढची काटकी आणि मागचे खोड एकाच प्रतलावर येऊन चिकटतात, म्हणून डोळ्यांनी जे वेगळे केले होते ते छायाचित्रकाराला प्रकाश, अंतर आणि उभे राहण्याची जागा यांच्या आधाराने पुन्हा वेगळे करावे लागते. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी एक डोळा मिटून दृश्य पाहण्याची सवय लावून घ्या. खोलीचा आभास गेला की कोणती दोन खोडे एकमेकांवर येतात आणि कोणती फांदी आडवी जाते हे तिथेच कळते. पुष्कळदा एक पाऊल डावीकडे सरकल्याने किंवा गुडघ्यावर बसल्याने दोन खोडांमध्ये हवी ती फट मिळते, आणि त्या फटीवर सगळे चित्र उभे राहते.

जंगलात मी आधी एक झाड निवडते. ते सर्वांत मोठे असायला हवे असे नाही. त्याच्या खोडाला बाक असेल, सालीचा रंग शेजाऱ्यांहून वेगळा असेल किंवा त्याच्या भोवती थोडी मोकळी जागा असेल, तर नजरेला थांबायला ठिकाण मिळते. मग चौकटीच्या चारही कडा तपासून आकाश बाहेर ठेवण्याचा प्रयत्न करते. पानांच्या फटींतून दिसणारे आकाश सावलीतल्या जमिनीपेक्षा कितीतरी स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) उजळ असते, आणि आपली नजर नेहमी सर्वांत उजळ ठिपक्याकडे धावते. असे दहा-पंधरा ठिपके वरच्या कडेला राहिले की मुख्य झाडाकडे कोणी पाहणार नाही. यासाठी तुमच्या लेन्सचे ७० ते १०५ मिलिमीटरचे टोक २४ पेक्षा फार उपयोगी पडेल. दृश्यकोन अरुंद असल्यामुळे वरचे आकाश आणि पायाशी असलेला पालापाचोळा दोन्ही सहज गाळता येतात, आणि थोडे दुरून टिपल्यामुळे मागची खोडे पुढच्या खोडांच्या तुलनेत फार बारीक दिसत नाहीत, त्यामुळे रांगेची लय टिकते.

प्रकाशाविषयी माझे मत ठाम आहे: दाट जंगलाला ढगाळ आकाश हवे. भर उन्हात जमिनीवर कवडसे आणि काळ्या सावल्या यांची जी नक्षी पडते ती प्रत्यक्षात सुंदर दिसते, कारण आपला डोळा उजेडातून सावलीकडे जाताना स्वतःला सतत जुळवून घेत असतो. सेन्सरला मात्र एकाच एक्स्पोजरमध्ये (एका वेळी आत घेतलेल्या प्रकाशात) दोन्ही टोके सांभाळावी लागतात. ढगांचा थर सगळ्या आकाशालाच प्रकाशस्रोत बनवतो आणि साल, शेवाळ, नेचे यांचे बारकावे वर येतात. पाऊस नुकताच थांबला असेल तर आणखी चांगले, कारण ओली साल गडद होते आणि पानांचे रंग तिच्यासमोर उठून दिसतात. तुमचा पोलरायझर अशाच वेळी काढा. तो आकाश निळे करण्यासाठी असतो असा समज आहे, पण ओल्या पानांवरची पांढरी चमक घालवून त्यांचा खरा हिरवा रंग उघडा करणे हे जंगलातले त्याचे खरे काम आहे. त्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश खर्च होतो, याचा हिशेब शटर स्पीड, म्हणजे शटर उघडा राहण्याचा वेळ, ठरवताना धरावा लागतो. चमक पूर्णपणे घालवलीच पाहिजे असेही नाही. ओलेपणाची खूण म्हणून थोडी राखावी. फिल्टर हळूहळू फिरवत कुठे थांबायचे ते स्वतः ठरवावे.

धुके हा तर जंगलाचा सर्वांत मोठा सोबती. धुक्यातले सूक्ष्म जलबिंदू प्रकाश चहूकडे विखुरतात आणि प्रत्येक वस्तू जितकी दूर तितकी ती फिकट होत जाते; म्हणजे एरवी तुम्हाला खटपट करून जे वेगळे करावे लागते ते हवा स्वतःच करून देते. असे धुके केव्हा मिळेल याचा अंदाज बांधता येतो. आदल्या दिवशी पाऊस पडून जमीन ओली असेल, रात्री आकाश निरभ्र राहिले असेल आणि वारा अगदी मंद असेल, तर जमीन उष्णता बाहेर टाकून झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत पोहोचते आणि ही जड, थंड हवा उतारावरून घसरत दरीच्या तळाशी साचते. म्हणून अशा पहाटे धुके माथ्यावर नव्हे तर ओढ्याकाठी आणि खोलगट भागात शोधावे. सूर्याची किरणे झाडांतून तिरपी उतरलेली टिपायची असतील तर धुके विरळ होऊ लागण्याच्या वेळी सूर्याच्या दिशेला तोंड करून उभे राहावे आणि प्रत्यक्ष सूर्यबिंब एखाद्या जाड खोडाआड लपवावे. हा काळ फार लांबत नाही. जागा आधी हेरून ठेवलेली असेल तरच तो हाती लागतो. धुक्याचे मोजमाप कॅमेरा चुकीचे करतो हेही ध्यानात ठेवा. सर्वत्र उजळ दिसणाऱ्या दृश्याला तो मध्यम करड्या छटेकडे ओढतो, त्यामुळे अर्धा ते एक स्टॉप एक्स्पोजर वाढवून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजळ-गडद छटांचा आलेख) तपासावा.

उत्तर : कडेकपार

धुकेवाट यांच्या जंगलाविषयीच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे. उन्हाबद्दल मात्र थोडा मतभेद नोंदवतो: सूर्य पानांच्या मागे असेल आणि पार्श्वभूमीला सावलीतला उतार असेल, तर कोवळी किंवा पानगळीच्या रंगातली पाने आतून उजळतात, आणि हा परिणाम ढगाळ दिवशी मिळत नाही. एरवी आता डोंगरांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचा तो भाग अजून अनुत्तरित आहे.

डोंगराला आकार देते ती सावली. सूर्य डोक्यावर असताना उतार, सोंडा आणि घळी यांवर जवळपास सारखाच प्रकाश पडतो आणि सावल्या आखडतात, म्हणून दुपारी माथ्यावरून टिपलेली रांग सपाट दिसते. तोच सूर्य क्षितिजालगत आणि तुमच्या बाजूला असेल तर प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते, आणि जमिनीचा चढउतार वाचता येतो. सूर्य थेट पाठीशी असेल तर प्रकाश सोनेरी असूनही खोली मिळत नाही. त्यामुळे स्थळ ठरवताना सूर्योदय किती वाजता, एवढेच न पाहता सूर्य कोणत्या दिशेला उगवेल आणि तुम्हाला टिपायची असलेली बाजू कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे नकाशावर आधी तपासले पाहिजे.

डोंगरांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. पंचांगातली किंवा ॲपमधली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. समोरची धार क्षितिजापासून १० अंश उंच असेल तर सूर्य अगदी सरळ वर चढत असला तरी तिच्यामागून बाहेर यायला सुमारे ४० मिनिटे लागतात, आणि विषुववृत्तापासून दूर, जिथे तो तिरपा चढतो, तिथे त्याहून अधिक. हात पूर्ण लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती साधारण १० अंश झाकते. धारेची उंची मोजायला एवढे पुरते. याची दुसरी बाजू लाभाची आहे. दरीत सावली असताना वरची शिखरे आधी उजळतात आणि प्रकाशाची रेषा हळूहळू खाली उतरत येते, त्या वेळी दरीतल्या निळसर छायेसमोर तांबूस कडा टिपण्यासाठी खालचीच जागा योग्य असते. म्हणजे तुम्ही पायथ्याशी असता ही तक्रार सर्वस्वी खरी नाही.

दूरच्या रांगा फिकट का होतात, तर मधली हवा प्रकाश विखुरते आणि तो विखुरलेला निळसर प्रकाश डोंगर आणि डोळा यांच्यामध्ये पडद्यासारखा साचतो. या फिकटपणाशी झगडण्यापेक्षा त्यालाच विषय करावे असे मी सुचवेन. सूर्य समोरच्या बाजूला खाली असताना १०५ मिलिमीटरने फक्त रांगांचा भाग टिपा. पुढची रांग जवळपास काळी, तिच्यामागची राखाडी, त्यामागची निळी अशी उतरंड आपोआप मिळते, आणि २४ मिलिमीटरमध्ये जी पट्टी दिसत होती ती चौकटभर होते. रुंद कोन वापरायचाच असेल तर पायाजवळचा दगड, फुलोरा किंवा पाण्याचे डबके यांना चौकटीत मानाचे स्थान द्यावे लागते. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) असताना फोकस सुमारे १.८ मीटरवर ठेवला तर ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सारे समाधानकारक स्पष्ट येते. याहून जवळचा पुरोभाग हवा असेल तर फोकस बदलत दोन-तीन छायाचित्रे घेऊन ती नंतर जोडावीत. एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह टाळा, कारण इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन सगळेच चित्र थोडे मऊ पडते. रुंद कोनावर पोलरायझरही सांभाळून वापरा: सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशाच्या पट्ट्यात ध्रुवीकरण सर्वाधिक असते, त्यामुळे आकाशाचा एक भाग गडद आणि बाकीचा फिका असा डाग पडतो.

आकाशाची छटा आधीच मनात ठरवण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९२७ साली अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम कड्याचे कृष्णधवल छायाचित्र घेत असताना त्याने आधी पिवळा फिल्टर वापरला; मग आकाश आपल्याला जसे जाणवते आहे तसे त्यात येणार नाही हे ओळखून उरलेल्या शेवटच्या प्लेटवर (चित्र टिपणाऱ्या काचेवर) गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे आले आणि कड्याचे भव्यपण उभे राहिले. तो प्लेट कॅमेऱ्याचे ओझे पाठीवर घेऊन चढला होता, म्हणून प्रत्येक प्लेटचा विचार आधी होत असे. कार्डावर हजारो छायाचित्रे मावत असतानाही हा विचार शटर दाबण्यापूर्वी करणे शक्य आहे.

रानवाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. एक डोळा मिटून पाहणे आणि मुठीने धारेची उंची मोजणे या दोन्ही गोष्टी मला सर्वस्वी नव्या होत्या. आता वेळेच्या नियोजनाचा प्रश्न उरतो. पहाटे अंधारात चढायला सुरुवात करावी असे मनात येते, पण ते कितपत शहाणपणाचे आहे? शिवाय गटासोबत असताना दर वेळी ट्रायपॉड उभा करणे इतरांना जाचक होते. हातात धरून कितपत चांगले काम होऊ शकेल?

उत्तर : संथचाल

नियोजनाबद्दल मी लिहितो, कारण माझे पहिले प्रेम चालण्यावर आहे आणि कॅमेरा नंतर आला.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही उपयोगी आहे: साधारण दर ५ किलोमीटर अंतरासाठी एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. छायाचित्रणासाठी थांबणाऱ्याने तो निदान दीडपट करावा, जंगलात दुप्पट केला तरी चालेल. दहा किलोमीटरची आणि ६०० मीटर चढाईची वाट नेस्मिथच्या हिशेबाने तीन तासांची. तुमच्यासाठी ती साडेचार ते सहा तासांची धरा. इतका वेळ गटाकडे नसेल तर वाट लहान करावी. थांबे कमी करून घाईघाईने छायाचित्रे घेण्यात चालण्याचाही आनंद जातो. माझा आग्रह असा की छायाचित्रणासाठीची भटकंती आणि माथा गाठण्याची भटकंती या वेगवेगळ्या दिवशी कराव्यात. पहिलीत गंतव्य हा प्रकाश असतो, आणि पायथ्यापासून तासाभराच्या आत असलेले एखादे ओढ्याकाठचे जंगल त्यासाठी पुरेसे ठरते.

गटासोबतच जायचे असेल तर दिवसाचा क्रम उलटा करून पाहता येईल. दुपारचे कठोर ऊन असेल तेव्हा उघड्या माथ्यावर असण्याऐवजी चालून घ्यावे, मुक्काम माथ्याजवळ करण्याची परवानगी आणि सोय असेल तिथे तो करावा, आणि संध्याकाळ व पहाट हे दोन्ही प्रहर वर मिळवावेत. मुक्काम शक्य नसेल तर पहाटेचा अंधार संध्याकाळच्या अंधारापेक्षा बरा, कारण उजेड वाढत जातो, पाय ताजे असतात आणि काही बिघडले तर मदत मिळायला पूर्ण दिवस हाताशी असतो. मात्र ज्या वाटेवरून दिवसा एकदा जाऊन आला आहात तिच्यावरच अंधारात चढा, एकटे जाऊ नका, हेडलॅम्प आणि त्याची जादा बॅटरी जवळ ठेवा, आणि वन्यप्राण्यांचा वावर असलेल्या जंगलात किंवा जिथे सूर्योदयापूर्वी प्रवेश मनाई आहे तिथे हा विचार सोडून द्या. परत फिरण्याची वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि प्रकाश कितीही सुंदर झाला तरी ती पाळावी. सूर्यास्ताचा उत्तम क्षण बहुधा अगदी परतीच्या वेळीच येतो, म्हणून हे वाटते त्याहून अवघड आहे.

उंचीबरोबर थंडी वाढते हे सर्वांना ठाऊक असते, पण ती किती हे मोजून कपडे घेणारे थोडे असतात. सरासरीने दर १००० मीटरला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सियसने घटते, आणि चढताना घाम आलेला माणूस ट्रायपॉडजवळ अर्धा तास निश्चल उभा राहिला की ही घट दुप्पट जाणवते. म्हणून माझ्या पाठपिशवीत दुसऱ्या लेन्सच्या आधी कोरडा उबदार थर जातो. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, तेव्हा जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवावी. थंड हवेतून दमट, उबदार जागेत येताना कॅमेरा आधीच बंद पिशवीत घालून ठेवावा, म्हणजे बाष्प पिशवीवर साचते आणि लेन्स कोरडी राहते.

वादळी ढगांचे छायाचित्र घेण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हेही सांगतो. आवाजाला १ किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा धार, माथा आणि एकाकी झाड सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे वर जाऊ नये.

एका गोष्टीबद्दल धुकेवाट यांच्या सल्ल्याला पुरवणी जोडतो. एक पाऊल डावीकडे सरकताना ते पाऊल कशावर पडते आहे हे पाहावे. शेवाळ आणि लहान रोपे तुडवली गेली की ती पूर्ववत व्हायला फार काळ जातो, आणि एकाने पाडलेली पायवाट पुढचे शंभर जण रुंद करतात. आडवी येणारी फांदी तोडून चौकट मोकळी करणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. ती फांदी टाळणारी जागा मिळत नसेल तर ते छायाचित्र सोडून द्यावे. नाजूक ठिकाणाचे अचूक स्थान छायाचित्रासोबत जाहीर न करणेही याच काळजीचा भाग आहे.

उत्तर : धुकेवाट

संथचाल यांची पुरवणी पूर्णपणे मान्य आहे.

ट्रायपॉडविना काम होते का, याचे उत्तर जंगलाच्या दाटपणावर अवलंबून आहे. दाट छायेत ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/८ ठेवले तर शटर स्पीड सहज अर्ध्या सेकंदापर्यंत किंवा त्याहूनही संथ होतो, आणि पोलरायझर लावल्यावर आणखी. तुमच्या कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असेल तर हाताचे थरथरणे ती सावरून घेईल; पानांचे हलणे मात्र ती थांबवू शकत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी, ट्रायपॉड असो वा नसो, १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागतो, आणि त्यासाठी आयएसओ १६०० पर्यंत नेण्यास कचरू नये. फुल फ्रेमवरचा तेवढा दाणेदारपणा नंतर सहज कमी करता येतो; हललेली पाने स्थिर करता येत नाहीत. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात टिपा, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळवणी) स्वयंचलित न ठेवता सावलीचा किंवा ढगाळ हवेचा निवडा, आणि पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाची हिरवी झाक नंतर मॅजेंटाच्या (किरमिजी रंगाच्या) दिशेने थोडी हलवून सौम्य करा. पूर्ण काढून टाकली तर छायाचित्र जंगलातले वाटत नाही.

ओढ्याच्या पाण्याला प्रवाही रूप द्यायचे असेल तेव्हा मात्र ट्रायपॉड हवाच. पाव ते एक सेकंदात पाण्याच्या धारांचा पोत टिकतो. बरेच सेकंद शटर उघडा ठेवला तर त्याचा पांढरा लोळ होतो. गट थांबलेला असेल आणि ट्रायपॉड काढायला सवड नसेल, तर कॅमेरा सपाट दगडावर ठेवून खाली दुमडलेली टोपी सरकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. त्याच जागेवरून काठावरच्या नेच्यांसाठी वेगवान शटरचे आणखी एक छायाचित्र घेतलेत, तर पाणी एकातले आणि पाने दुसऱ्यातली घेऊन दोन्ही जोडता येतील.